तोंड येणे : केमोथेरपी आणि जस्ताच्या गोळ्या
केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात तोंडाचे नाजूक अस्तरही सापडते आणि साधारण आठवड्याभरात तोंड येते. पाचोऱ्याहून रेल्वेने मुंबई गाठून परळच्या टाटा रुग्णालयात औषध घेऊन परतलेल्याला मग ठेचा सोडाच, वरणभातही झोंबतो. जस्ताच्या गोळ्यांनी हा त्रास कमी होतो असे काही चाचण्यांत दिसले, काहींत नाही. तोंड येण्यावरच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने जस्ताची शिफारस केलेली नाही. जस्त जास्त झाले की मळमळते, शरीरातले तांबेही घटते; म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. फ्लुरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध शिरेतून एकदम देताना ३० मिनिटे तोंडात बर्फाचे तुकडे धरणे मात्र खरोखर गुणकारी आहे: रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध अस्तरापर्यंत कमी पोचते.