वस्तादांची शाळा

ज्यानें शिकवायला आरंभ केला त्याचें स्वतःचें शिकणें संपलें, अशी समजूत आखाड्यांत फार दिवस रूढ होती. यवतमाळ जिल्ह्यांत दारव्हा, पुसद, उमरखेड, वणी ह्या बाजूच्या गांवीं मारुतीच्या देवळाशेजारीं जो आखाडा असे, त्याचा कारभार बहुधा एकट्या वस्तादाच्या हातीं. तो फी घेत नसे. गुरुपौर्णिमेचा नारळ आणि नागपंचमीस पठ्ठ्यानें मारलेलें मैदान हीच त्याची कमाई. पहांटे तो मुलांच्या आधीं मातींत उतरे. परंतु पंधरा वर्षांच्या पोरास आणि पंचवीस वर्षांच्या गड्यास तो एकाच संख्येनें जोर-बैठका घालावयास लावी; कारण त्याच्या वस्तादानें त्यालाहि तसेंच लावलें होतें. कोणाचा खांदा निखळला तर दोष पोराच्या नशिबाचा. एखादा हुकमी डाव शिष्यापासून राखून ठेवणें, ह्याला तर शहाणपणच समजत. ह्या माणसाला अडाणी म्हणून हिणवणें अन्यायाचें होय. वस्ताद झाल्यावर त्याला पुढें शिकविणारा कोणी उरतच नसे, हें खरें दुखणें होतें.

ह्याला अपवाद पूर्वीहि झाले. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर ह्यांची कथा प्रसिद्ध आहे. निजामाच्या मुलखांतून अली व गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांचें आव्हान घेण्यास कोणी पुढें येईना, तेव्हां देवधरांनीं मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केलें आणि माकडांच्या चपळाईवरून त्यांना तेथें मल्लखांबाची विद्या सुचली, असें परंपरा सांगते. (ही वणी नाशिककडची, यवतमाळकरांनीं उगीच हक्क सांगूं नये!) दृष्टांताचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी नांवाजलेला मल्ल मुदत मागून पुन्हां विद्यार्थी झाला, एवढें उरतेंच.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बडोद्यास ही वृत्ति पद्धतशीर झाली. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव ह्यांनीं गुरूची गादी चालविली, पण गुरूच्या पद्धतीवरच ते थांबले नाहींत. हाड सरकलें तर तें बसविण्याची विद्या त्यांनीं स्वतः हस्तगत केली. पुष्कळ मुलांना एकाच वेळीं व्यायाम देतां यावा म्हणून देशी शब्दांच्या हुकमांवर संघव्यायाम बसविला. १९०७ ते १९१० ह्या काळांत त्यांच्यापाशीं शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, ह्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढलें आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर काय परिणाम होतो हें उपकरणांनीं मोजण्यास प्रारंभ केला. गुरूचें वचनहि तपासून घ्यावें लागतें, ही गोष्ट अशा रीतीनें व्यायामशाळेच्या उंबऱ्याच्या आंत आली.

परंतु माणिकराव किंवा गुणे एखादेच निपजतात. गांवोगांवच्या शिक्षकांचें काय? ह्याचें उत्तर वऱ्हाडानें दिलें. यवतमाळच्या शेजारीं अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि १९२४ पासून तेथें व्यायामशिक्षकांसाठीं उन्हाळी वर्ग सुरू झाले. उन्हाळाच कां? शाळामास्तर मोकळा सांपडतो तो तेव्हांच. यवतमाळहून रेल्वेनें निघणाऱ्यास अरुंद रुळांच्या गाडीनें दारव्ह्यावरून मूर्तिजापूर गांठावें लागे, तेथें गाडी बदलून बडनेऱ्यास उतरावें लागे. आणि वैशाखांतलें वऱ्हाडचें ऊन काय असतें तें वऱ्हाडकरांसच ठाऊक. एरवीं शिट्टी फुंकून शेंदीडशें पोरें उभीं करणारा मास्तर येथें स्वतः रांगेंत उभा राही. लाठीचा हात चुकला तर दुसरा कोणी तो धरून दुरुस्त करी. बैठकांनीं त्याच्याच मांड्या भरून येत, आणि नवशिक्या पोराचे पहिल्या आठवड्यांत काय हाल होतात ह्याची त्याला नव्यानें आठवण होई. पुस्तक वाचून ही जाण येत नाहीं. शिवाय जो डाव अभ्यासक्रमांत शिरला, तो कोणालाच राखून ठेवतां येईना.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें हुतूतूसह देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. १९४९ सालीं पथक स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवास गेलें. ज्या लिंगच्या नांवानें तो महोत्सव भरे, त्यानें व्यायामशिक्षक घडविणारी संस्था स्टॉकहोममध्यें १८१३ सालींच काढली होती.

तरीहि एक उणीव राहिली आणि तिची किंमत एका मल्लास मोजावी लागली. साताऱ्याकडील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले ते मातींत घडलेले. गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम रीस गार्डनर ह्या परदेशी प्रशिक्षकानें त्यांस समजावून दिले. जाधवांनीं फ्लायवेट गटांत सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकीसाठीं पैसा जमेना, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीस जपानचा शोहाची इशी व सोविएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह ह्यांच्याशीं जाधवांच्या कुस्त्या पाठोपाठ लागल्या. मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. पण तो दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असें सांगतात. जाधव कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. घर गहाण टाकणारा हितचिंतक त्यांना भेटला होता. नियमाचें पान उघडणारा भेटला नाहीं.

प्रशिक्षक घडविणारी राष्ट्रीय संस्था पतियाळा येथें निघाली ती १९६१ सालीं, हेलसिंकीनंतर नऊ वर्षांनीं.