तबकडी-कूटलेखन व सर्व्हरचा स्वयंचलित पुनरारंभ

संगणकाच्या साठवण-तबकडीवरील सर्व माहिती गुप्त रूपात ठेवणे व योग्य किल्लीवाचून ती वाचता येऊ न देणे, यास तबकडी-कूटलेखन म्हणतात. संस्थेच्या सर्व्हरच्या बाबतीत त्यातून एक पेच उद्‌भवतो : वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावयाचे, तर किल्ली कोणी लावावयाची ?

किल्लीच्या ताब्याचा प्रश्न जुना आहे. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण इस्लामपूर (२०२५ मध्ये ईश्वरपूर असे नामांतर जाहीर) १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. अशा तालुक्यांच्या उपकोषागारांत मुख्य शिल्लक दुहेरी कुलपात असे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे; दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नसे. सहकारी बँकांनीही व्यवस्थापक व रोखपाल यांच्यात किल्ल्या वाटून हीच रीत पाळली. खजिना मध्यरात्री उघडण्याची गरज नसल्यामुळे ती निभावली. सर्व्हरला मात्र ही सवलत नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तास वीज नसे. बॅटरी संपून बंद पडलेले यंत्र परवलीच्या शब्दाची वाट पाहत राहिले, तर सकाळी खातेदाराला त्याचेच पैसे मिळत नाहीत. परवलीचा शब्द यंत्रातच लिहून ठेवला, तर चोराचे काम सोपे होते.

गुप्तता पद्धतीत नसून किल्लीत असावी, हे तत्त्व केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. २००४ च्या सुमारास क्लेमेन्स फ्रुव्हिर्थ यांनी लिनक्ससाठी रचलेल्या ‘लक्स’ या व्यवस्थेत मूळ किल्ली एकच, पण ती उघडणारे परवलीचे शब्द अनेक असू शकतात. २००७ मध्ये व्हिस्टा प्रणालीबरोबर प्रचारात आलेल्या बिटलॉकरने किल्ली ‘टीपीएम’ या मुख्य फलकावरील चकतीच्या हवाली केली. प्रारंभिक आज्ञावलीत फेरफार नसेल तरच ही चकती किल्ली सोडते व यंत्र विनासायास सुरू होते. केवळ तबकडी चोरीस गेल्यास हे संरक्षण पुरते. सबंध यंत्रच उचलून नेले, तर ते चोराच्या घरीही तसेच सुरू होते. कुलपाशेजारच्या खिळ्याला किल्ली टांगण्यासारखाच हा प्रकार होय. शिवाय चालू यंत्राच्या स्मृतीत किल्ली असतेच. वीज तोडल्यावरही ती काही काळ तेथून वाचता येते, हे प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले.

रेड हॅटच्या परिसरात विकसित झालेल्या ‘टँग’ व ‘क्लेव्हिस’ या जोडीने निराळा मार्ग काढला. सुरू होणारे यंत्र जाळ्यातील दुसऱ्या सर्व्हरच्या साहाय्याने आपली किल्ली पुन्हा घडविते. गणिती युक्तीमुळे ती त्या सर्व्हरलाही कळत नाही. यंत्र त्या जाळ्याबाहेर नेले की ते मुकेच राहते. शमिर यांच्या १९७९ च्या रहस्यविभाजन पद्धतीने अनेक साहाय्यकांपैकी ठराविक संख्येची संमती आवश्यक करता येते. दुहेरी कुलपाचे हे जवळचे रूप मानता येईल. मात्र दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत असतील, तर चोर दोन्ही नेतो आणि वीजही दोहोंची एकदमच जाते. म्हणून साहाय्यक सर्व्हर दुसऱ्या गावी ठेवणे व एक परवलीचा शब्द कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवणे श्रेयस्कर ठरते.