येणारें पाणी आणि जाणारें पाणी

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, खापरी नळांची तारीफ पुष्कळ झाली आहे, आणि ती अस्थानीं नाहीं. इ. स. १४९० च्या भिंगारच्या लढाईनंतर मलिक अहमदानें सीनेच्या कांठीं ही राजधानी वसविली. पुढें निजामशाहींत कापूरवाडी, वडगांव, शहापूर अशा आसपासच्या गांवांचें पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर, शहरांतील महालांत व हौदांत खेळविलें गेलें. परंतु वापरून झालेल्या पाण्याचें काय? येणाऱ्या पाण्याविषयीं जितकें लिहून ठेवलें आहे, तितकें जाणाऱ्या पाण्याविषयीं आढळत नाहीं. तें उताराची वाट धरून सीनेस गेलें.

१८५४ सालीं नगरपालिका स्थापन झाली. तरी हिंदुस्थानांतील बहुतेक शहरांप्रमाणें येथेंही मैल्याचा भार कांहीं जातींच्या माणसांच्या डोक्यावरच राहिला. ही चाल बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ सालचे आहेत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे आपल्या सुधारणेचा वेग कळतो.

ही घाण निदान ओळखीची होती. जिल्ह्यांत नवी घाण आली ती उसाच्या मागोमाग. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यानें गाळप सुरू केलें. या धंद्यानें मुलखास पैसा दिला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. साखरेमागून जिल्ह्यांत मद्यार्काच्या आसवन्याही आल्या. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला कीं सुमारें १० ते १२ लिटर काळपट तांबडें, उग्र वासाचें पाणी उरतें. पाण्यांतील घाण मोजण्याची रीत मोठी मार्मिक आहे: ती कुजवितांना सूक्ष्म जंतु किती प्राणवायु खातात, तें पाहावयाचें. घरगुती सांडपाण्यांत हें मान लिटरमागें २०० ते ३०० मिलिग्रॅम असतें. आसवनीच्या पाण्यांत ४०,००० व त्याहूनही अधिक. नदींत सोडण्याची मर्यादा आहे ३०. हें पाणी तसेंच नदींत गेलें तर मासे गुदमरून मरतात.

महाराष्ट्रानें जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ सालीं केला व १९७० सालीं त्यासाठीं मंडळ नेमलें. केंद्राचा कायदा १९७४ सालचा. कारखान्यानें मंडळाची संमति घ्यावी, पाणी शुद्ध करावें, नमुने तपासूं द्यावेत. आसवनीनें तर थेंबही बाहेर न सोडतां तें आटवून जाळावें किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडांत मिसळून त्याचें खत करावें, असा दंडक आहे. सांडपाण्याच्या बाबतींत शहरेंही या कायद्यांतून सुटलेलीं नाहींत. दंडक चांगला आहे. मात्र नमुना घेणारा अधिकारी दिवसा येतो, आणि नदी रात्रींही वाहते.

शिवाय या जिल्ह्याचें पाणी जिल्ह्यांत राहत नाहीं. सीना सोलापूर जिल्ह्यांत जाऊन भीमेस मिळते. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीस मिळते, आणि तें पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयांत सांठून छत्रपती संभाजीनगरच्या घरोघरच्या माठांत जातें.