पायऱ्यांचे गुण



‘तू कॉम्प्युटरवर नेमकं काय करतेस?’ असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं आहे. माझं काम सिम्युलेशनचं. काळाबरोबर बदलत जाणाऱ्या गोष्टींचं गणित संगणकात मांडायचं आणि त्या पुढे कशा वागतील ते पाहायचं. ही रीत संगणकापेक्षा जुनी आहे आणि तिच्या इतिहासात एक मोठी फजिती आहे. त्या फजितीबद्दल हा लेख.

शाळेत आपण सोडवलेल्या गणितांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असत. वारा, पूर, रोगाची साथ यांची समीकरणं मांडता येतात, पण ती बहुधा अशी सरळ सुटत नाहीत. मग पावलापावलानं जावं लागतं. समजा, कपातला चहा ९० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर, आणि दोघांतल्या फरकाच्या एक दशांश इतका चहा दर मिनिटाला निवतो. फरक ६०, म्हणून पहिल्या मिनिटाला ६ अंश उतरले, राहिले ८४. आता फरक ५४, म्हणून पुढे ५.४ उतरले, राहिले ७८.६. आत्ताची स्थिती, बदलाचा नियम आणि काळाचं छोटं पाऊल, हाच सिम्युलेशनचा गाभा. मात्र कंटाळा करून एकदम २० मिनिटांचं पाऊल टाकलं, तर १२० अंश वजा होतात आणि चहा उणे ३० वर जातो! नियम बरोबर असूनही उत्तर हास्यास्पद.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं हीच रीत हवामानाला लावली. तो युद्धविरोधी होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना त्यानं २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन सहा तासांनंतरची हवा हातानं मोजली. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलनं वाढणार. समुद्रसपाटीला एकूण दाबच साधारण १०१३ असतो, यावरून हा आकडा किती अचाट ते कळेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं कागद फाडून टाकले असते. रिचर्डसननं १९२२ साली पुस्तक काढून सगळी आकडेमोड, चुकीच्या उत्तरासकट, छापली. पुढे पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकावर पुन्हा केलं. दोष सुरुवातीच्या आकड्यांत होता, वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता. तो बसवून घेतल्यावर त्याच रीतीनं समंजस उत्तर दिलं. पायऱ्या लिहिलेल्या होत्या, म्हणूनच हे शोधता आलं.

१९५० साली अमेरिकेत एनिॲक या संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी हवामानाचे पहिले अंदाज काढले. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागत, म्हणजे अंदाज आणि उद्याचा दिवस बरोबरच यायचे! त्या कामाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये क्लारा फॉन नॉयमन यांचा हात होता.

१९६१ साली एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ यांनी एक सिम्युलेशन मधूनच पुन्हा सुरू केलं. यंत्रात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर छापलेला ०.५०६. त्यांनी कागदावरचा भरला. थोडा वेळ दोन्ही हवामानं जुळली, मग पार वेगळी झाली. १९६३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधासाठी संगणकाचं काम एलन फेटर यांनी केलं होतं. त्याआधी लॉरेन्झ यांच्याकडे काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन पुढे अपोलो यानाच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुख झाल्या.

सुरुवातीची स्थिती कधीच पूर्ण अचूक मोजता येत नाही. म्हणून आज किंचित वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन एकच गणित अनेकदा चालवतात आणि किती वेळा पाऊस येतो ते पाहतात. आपल्याकडेही हे काम जोरात आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली, १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि २०१८ पासून पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ हा महासंगणक मॉन्सूनची गणितं करू लागला.

आपल्यातले काही जण शेती करतात. पेरणीच्या तोंडावर ‘पावसाची शक्यता’ असं ऐकलं की हवामानवाले हात झटकताहेत असं वाटतं. पण त्या ‘शक्यता’ शब्दामागे लॉरेन्झचे ते तीन गळालेले अंक आहेत. छातीठोक तारीख सांगणाऱ्यापेक्षा, आपल्याला कुठवर दिसतं हे सांगणाऱ्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. बियाणं आणि खताचे पैसे त्यावर लागलेले असतात.

गणिताच्या तासाला ‘नुसतं उत्तर नको, पायऱ्या लिहा, पायऱ्यांना गुण आहेत’ असं बजावलं जायचं. आज माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी तेच सांगते.