डेलावेअर उपसागराचा ऊर्जा-हिशेब : नालखेकडा, रेड नॉट आणि वाळूचा वरचा थर

न्यू जर्सीच्या एडिसन परिसरातून दक्षिणेकडे सुमारे दोन तास मोटारीने गेल्यावर डेलावेअर उपसागराचा किनारा लागतो. मे आणि जून महिन्यांत, विशेषतः पौर्णिमा व अमावस्येच्या मोठ्या भरतीला, येथे हजारो नालखेकडे अंडी घालण्यासाठी वाळूवर येतात. इंग्रजीत ‘हॉर्सशू क्रॅब’ म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी नावाने खेकडा असला, तरी त्याचे जवळचे नाते कोळी व विंचू यांच्याशी आहे. त्याच्या कुळाचे जीवाश्म ४४ कोटी वर्षांपेक्षाही जुने आहेत. याच पंधरवड्यांत ‘रेड नॉट’ नावाचा तांबूस छातीचा लहानसा पक्षी दक्षिण अमेरिकेतून येथे उतरतो. या दोन प्राण्यांमधील संबंध हे परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचे अत्यंत स्पष्ट उदाहरण मानले जाते.

ऊर्जाप्रवाहाचा नियम

परिसंस्थेतील जवळजवळ सर्व ऊर्जा सूर्याकडून येते. वनस्पती व शैवाले प्रकाशसंश्लेषणाद्वारे तिचा अल्पसा अंश अन्नात साठवतात. त्यांना खाणारे प्राणी ही दुसरी पोषण पातळी आणि त्या प्राण्यांना खाणारे मांसभक्षक ही तिसरी. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात, हालचालीत आणि उष्णतेच्या रूपाने खर्च होते. सर्वसाधारणपणे सुमारे १० टक्केच ऊर्जा पुढील पातळीपर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात हे प्रमाण परिसंस्थेनुसार कमी-अधिक असते.

या विचाराची शास्त्रीय मांडणी रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने मिनेसोटातील सीडर बॉग लेक या छोट्या तळ्याच्या अभ्यासातून केली. त्याचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, त्याचे निधन झाले होते. पुढे हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा संपूर्ण ताळेबंद १९५७ मध्ये मांडला. तेथे वनस्पतींनी एका चौरस मीटरमागे वर्षाला २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधली. सर्वांत वरच्या मांसभक्षकांच्या वाट्याला त्यातील केवळ २१ किलोकॅलरी आल्या.

हा हिशेब एकाच ठिकाणच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा आहे. अन्न कोठे, कोणत्या आठवड्यात आणि किती सहज मिळते, हे मात्र त्यातून कळत नाही. डेलावेअरच्या किनाऱ्यावर नेमका हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

समुद्रतळाची ऊर्जा वाळूवर

उपसागराच्या पाण्यातील सूक्ष्म प्लवक आणि दलदलीतील गवताचे कुजलेले अवशेष शिंपल्यांचे व सागरी कृमींचे अन्न बनतात. नालखेकडा तळ उकरून त्यांना खातो. मादीला प्रौढ होण्यास सुमारे १० वर्षे लागतात. त्यानंतर ती दरवर्षी किनाऱ्यावर येऊन टप्प्याटप्प्याने हजारो हिरवट अंडी वाळूत पुरते. एका हंगामात एका मादीच्या अंड्यांची संख्या ८०,००० च्या घरात जाऊ शकते. समुद्रतळावर विखुरलेली ऊर्जा अशा रीतीने किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात, मोजक्या आठवड्यांपुरती एकवटते.

रेड नॉटच्या दृष्टीने ही वेळ जीवनमरणाची असते. यांतील काही पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील तिएरा देल फुएगो येथून कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशाकडे निघतात. हे अंतर एका दिशेने सुमारे १५,००० किलोमीटर आहे. १९९५ मध्ये पायात ‘बी९५’ ही खूण घातलेला एक रेड नॉट इतकी वर्षे जगला, की त्याच्या एकूण उड्डाणाचे अंतर चंद्रापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत येण्याइतके भरले, असे मानले जाते.

दीर्घ उड्डाणापूर्वी या पक्ष्याची पचनेंद्रिये आकसतात. त्यामुळे उतरल्यानंतर कठीण कवचाचे शिंपले पचवणे त्याला जड जाते. मऊ, स्निग्धांशयुक्त अंडी मात्र त्वरित चरबीत रूपांतरित होतात. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे कर्बोदकांच्या दुपटीहून अधिक. दोन आठवड्यांत आपले वजन जवळजवळ दीडपट करून सुमारे १८० ग्रॅमपर्यंत नेणे या पक्ष्याला आवश्यक असते. आर्क्टिकमध्ये तो पोहोचतो तेव्हा जमिनीवर बर्फ असू शकते आणि कीटक पुरेसे बाहेर आलेले नसतात. सुरुवातीचे दिवस त्याला डेलावेअरहून नेलेल्या चरबीवरच काढावे लागतात.

‘अतिरिक्त’ म्हणजे काय?

येथे एक महत्त्वाची अडचण आहे. मादी आपली अंडी वाळूत साधारणतः १५ ते २० सेंटीमीटर खोल पुरते. रेड नॉटची चोच तेथवर पोहोचत नाही. किनाऱ्यावर माद्यांची दाटी असेल, तेव्हा नंतर आलेली मादी खड्डा करताना आधीच्या मादीची अंडी उकरून वर आणते, आणि लाटा ती पृष्ठभागावर पसरवतात. वर आलेल्या या अंड्यांतून पिल्ले निपजण्याची शक्यता फार कमी असते. नालखेकड्याच्या वंशवृद्धीच्या दृष्टीने ती वाया गेलेली असतात. पक्ष्याच्या दृष्टीने तेच एकमेव अन्न असते.

म्हणूनच नालखेकड्यांची संख्या निम्म्यावर आली, तर पक्ष्यांचे अन्न निम्म्याहून कितीतरी अधिक घटू शकते. उरलेल्या माद्यांची अंडी खाली सुरक्षित राहतात, नालखेकडा नामशेष होत नाही. परंतु वरचा थर रिकामा होतो. कोणत्याही प्रजातीचे ‘अतिरिक्त’ उत्पादन माणसाने बिनधोक उचलावे, हा समज येथे फसतो. ते अतिरिक्त आधीच दुसऱ्या जीवाच्या खात्यावर जमा असते.

१९९० च्या दशकात नेमके हेच घडले. ईल आणि मोठ्या सागरी गोगलगायी पकडण्यासाठी आमिष म्हणून नालखेकड्यांची मागणी वाढली व अंड्यांनी भरलेल्या माद्यांना प्राधान्य मिळाले. १९८० च्या दशकात या उपसागरात ९०,००० च्या आसपास रेड नॉट मोजले गेले होते. तिएरा देल फुएगो परिसरातील हिवाळी गणना २००० मधील सुमारे ५१,००० वरून २००२ मध्ये सुमारे २७,००० वर आली. २०२१ च्या वसंतात उपसागरात ७,००० पेक्षाही कमी पक्षी आढळले. बदलते हवामान, आर्क्टिकमधील परिस्थिती आणि इतर थांब्यांवरील अडचणी यांचाही या घटीत वाटा आहे. मात्र अंड्यांची टंचाई हे त्यातील प्रमुख कारण मानले जाते.

उपाय आणि औषधनिर्मिती

न्यू जर्सीने २००८ मध्ये नालखेकडे पकडण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने २०१४ मध्ये रेड नॉटच्या या उपजातीला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. तरीही मादीला प्रौढ होण्यास दशक लागत असल्याने हानी भरून निघण्याचा वेग मंद आहे.

दुसरा ताण औषध उद्योगाचा आहे. नालखेकड्याच्या निळ्या रक्तातील पेशींपासून बनवलेले ‘एलएएल’ हे द्रव्य जिवाणूंच्या विषारी अंशाच्या संपर्कात येताच गोठते. इंजेक्शने, लसी व शरीरात बसवली जाणारी उपकरणे निर्धोक आहेत का, हे त्यावरून तपासले जाते. रक्त काढून प्राण्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. तरी त्यांतील काही मरतात, आणि हे प्रमाण विविध अंदाजांनुसार १५ ते ३० टक्के आहे. याच चाचणीसाठी लागणारा घटक प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत सिंगापूरच्या संशोधकांनी शोधली. युरोपीय औषधसंहितेने २०२१ पासून ती स्वीकारली. अमेरिकी औषधसंहितेतील तत्सम प्रकरण मे २०२५ पासून लागू झाले. औषधनिर्मिती व गुणवत्ता-नियंत्रणाच्या क्षेत्रात अनेक मराठी व्यावसायिक कार्यरत आहेत. कोणती चाचणी वापरायची, हा त्यांच्या टेबलावरील तांत्रिक निर्णय या किनाऱ्याशी थेट जोडलेला आहे.

भेट देणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीच्या बाजूचे महत्त्वाचे किनारे दरवर्षी ७ मे ते ७ जून या काळात पक्ष्यांसाठी बंद ठेवले जातात. ठरावीक जागांवरून त्यांचे निरीक्षण करता येते. एकदा दचकून उडालेला थवा खाण्याचा वेळ आणि साठवलेली चरबी, दोन्ही गमावतो. त्यामुळे अंतर राखणे आवश्यक ठरते. खुल्या किनाऱ्यावर उलटा पडलेला नालखेकडा दिसल्यास त्याला कवचाच्या कडेने धरून सुलटा करावा. शेपटीने उचलू नये. तिला इजा झाल्यास पुढच्या वेळी त्याला स्वतःहून सुलटे होता येत नाही. हा प्राणी चावत नाही, डंखही मारत नाही.