सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून...

आजची गोष्ट न मिळालेल्या तिकिटाची.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार नागपुरात सिनेमाला गेले. तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटकाला शिरले. तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाहिलं अन् ठरवलं, आपण नाटक लिहायचं.

१९६७ साली त्यांची 'सुलतान' एकांकिका 'सत्यकथे'त छापून आली. मुंबईत ती हेरली कोणी? त्याच विजयाबाईंनी! १९६०ला सुरू झालेल्या त्यांच्या 'रंगायन'नं नव्या लेखकांना रंगमंच दिला. १९६९-७०मध्ये बाईंनी 'सुलतान' आणि 'होळी' बसवल्या. पुढे १९८५ला 'वाडा चिरेबंदी'. विदर्भातल्या खेड्यातले देशपांडे, मोडकळीला आलेला वाडा, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. अकोल्या-अमरावतीकडच्या कुणालाही तो आपल्याच गावचा वाटेल.

मी अमरावतीचा. आपल्याकडेही पोरं लिहितात, पण कितीतरी संहिता वहीतच राहतात. स्पर्धेसाठी गाजलेलंच नाटक घेणं सोपं पडतं ना! म्हणून दिग्दर्शक मित्रांनो, या महिन्यात एका अनोळखी लेखकाची एकांकिका वाचा. आवडली तर त्याला फोन करा.

भेटू पुढच्या भागात!