२९ ऑगस्ट : डॉ. जीवराज मेहता जन्मदिन

परळच्या केईएम रुग्णालयाचे आणि शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८७ रोजी अमरेली येथे झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजनंतर त्यांनी लंडनहून एम.डी. मिळवली. गांधीजींचे डॉक्टर म्हणून ते ओळखले जात. पण त्यांचे खरे मोठे काम परळचेच. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली होती, अध्यापक सारे भारतीय हवेत. वैद्यकशिक्षणातील वरच्या जागा गोऱ्यांच्या हाती असण्याचा तो काळ. १९२५ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, पुढच्या वर्षी रुग्णालय. मेहतांनी १९४२ पर्यंत दोन्हींचा कारभार पाहिला आणि ती अट केवळ कागदावर राहू दिली नाही. मधल्या काळात स्वातंत्र्यलढ्यापायी तुरुंगवासही घडला.

१९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पुढे ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त. संविधान सभेच्या सदस्या हंसाबेन मेहता या त्यांच्या पत्नी. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी जीवराज मेहतांचे निधन झाले. गुजरातेत त्यांची ओळख राजकारणी म्हणून. परळकरांच्या लेखी मात्र ते केईएमचेच.